वॅट मोजायचे कुठे?

बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीच्या शिवारात पाच एचपीची मोटर म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मोटरच्या पाटीवरचे पाच एचपी ही शाफ्टवर मिळणारी ताकद. 746 ने गुणलं की 3730 वॅट. डीपीवरून ती मोटर ओढते ते मात्र याहून जास्त. कार्यक्षमता 85 टक्के धरली तर जवळपास 4400 वॅट, आणि मोटर दोनदा रिवाइंड झालेली असेल तर त्याहून वर. म्हणजे 'पाच एचपी मंजूर' एवढं म्हटल्यावरही एक प्रश्न उरतोच. मोजायचं कुठे, शाफ्टवर की तारेवर? ज्यांचं बिल मीटरवर न निघता एचपीवर निघतं, त्यांच्यापुरता हा प्रश्न पाटीवरच्या आकड्याशी थांबतो. डीपीवरच्या बाकीच्यांपुरता तो थांबत नाही, कारण व्होल्टेज पडतं ते तारेवर ओढलेल्या विजेने.

हौशी रेडिओच्या नियमांत नेमका हाच प्रश्न आहे. बिनतारी संदेशाची आवड असलेला माणूस सरकारी परीक्षा देतो, परवाना आणि कॉलसाइन मिळवतो, आणि पैशाचा कुठलाही हेतू न ठेवता शिकण्यासाठी, प्रयोगासाठी, जगभरच्या हौशी मंडळींशी बोलण्यासाठी स्वतःचं केंद्र चालवतो. त्याला हॅम म्हणतात. त्याने किती ताकदीने प्रक्षेपण करावं याला मर्यादा आहे आणि ती वॅटमध्ये लिहिलेली आहे. ते वॅट सेटच्या आत जाणारे, सेटमधून बाहेर पडणारे, की अँटेनातून हवेत सुटणारे, यावर मात्र दोन हॅम भेटले की वाद झडतो. बाहेरच्याला हे तांत्रिक खुसपट वाटेल. मला ते तसं वाटत नाही. लिहिलेला नियम प्रामाणिकपणे कसा वाचावा, आणि नियम लिहिताना तो पाळणाऱ्याचा विचार कसा करावा, हे दोन मोठे प्रश्न या छोट्या आकड्यात अडकलेले आहेत.

भारतातला मूळ मजकूर 1978 च्या हौशी सेवा नियमांचा. त्या वेळी परवान्याच्या जास्त श्रेणी होत्या. लघुलहरींवर प्रगत श्रेणीला 400 वॅट, पहिलीला 150, दुसरीला 50. पुढे श्रेणी दोनच उरल्या, जनरल आणि रिस्ट्रिक्टेड. जनरलला 400 वॅट, रिस्ट्रिक्टेडला 50. हातातल्या छोट्या सेटचे जे वरचे बँड आहेत, तिथे मर्यादा पुष्कळ खाली. इथवर सगळं स्वच्छ आहे. गुंता सुरू होतो तो या आकड्यांच्या डोक्यावर असलेल्या शब्दांपासून. तिथे 'डीसी इनपुट पॉवर' म्हटलेलं आहे, म्हणजे प्रक्षेपकाच्या शेवटच्या टप्प्याला, हॅमच्या बोलीत फायनलला, पुरवली जाणारी वीज. आणि सिंगल साइडबँडवर, म्हणजे आवाज पाठवण्याच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीने, बोलायचं असेल तर वेगळी टीप: तिथे 'पीक एन्व्हलप पॉवर', म्हणजे आवाजाच्या शिखरावरची ताकद, थोडक्यात पीईपी, धरायची आणि तीही लिनिअर स्थितीत. परिणाम असा, की एकाच सेटवर की दाबून मोर्स पाठवलं तर एक मोजमाप आणि बटण फिरवून माइकवर बोललं तर दुसरं.

डीसी इनपुट हा शब्द आला तो हॅम आपला सेट स्वतः बांधत त्या काळातून. फायनलला 807 किंवा 6146 चा व्हॉल्व्ह, प्लेटच्या वाटेत कायमचा बसवलेला मिलिॲमीटर. प्लेटला 600 व्होल्ट आणि काटा 80 मिलिॲम्पिअरवर, म्हणजे 48 वॅट. संपला हिशेब. तपासायला आलेला अधिकारी असो की आयुष्यातला पहिला सेट बांधणारा पोरगा, दोघांना एकच साधन पुरायचं आणि दोघांचं उत्तर एकच यायचं. बाहेर पडणारी रेडिओ ऊर्जा नीट मोजायची तर त्या काळी प्रयोगशाळेची साधनं लागत. या जुन्या नियमाबद्दल मला आदर आहे तो एवढ्याचसाठी. शास्त्राच्या कसोटीवर तो थोडा उणा असेल, पण ज्याने तो पाळायचा त्याच्याच टेबलावर तो मोजता येत होता. कायदा लिहिणाऱ्यांनी हा गुण फार कमी वेळा सांभाळलेला दिसतो.

आता तोच नियम आजच्या टेबलावर ठेवून पाहा. 100 वॅटचा तयार सेट, 13.8 व्होल्टचा सप्लाय. नुसतं ऐकताना सेट दीडेक ॲम्पिअर घेतो. की दाबून पूर्ण ताकद काढली की सप्लायचा मीटर 20 ॲम्पिअरच्या घरात जातो, म्हणजे 276 वॅट. हे सगळे फायनलचे नसतात. ड्रायव्हर, पंखा, डिस्प्ले, आतला संगणक यांचा वाटाही त्यातच. फायनलचे तेवढे वेगळे मोजायचे तर सेट उघडून ट्रान्झिस्टरच्या पुरवठ्याच्या वाटेत मीटर घालावा लागेल. ते कुणी करत नाही आणि करायला सांगणंही बरोबर नाही. हॅमच्या डोळ्यांसमोर जो आकडा आहे तो आउटपुटचा. रिस्ट्रिक्टेड परवान्याच्या मुलाने बटण 50 वर आणून ठेवलं की आपण नियमात आहोत असं तो समजतो. माइकवर तो नियमात आहे. मोर्सवर, अक्षर पाहिलं तर, नाही.

थोडा हिशेब केल्याशिवाय हे किती बिघडलेलं आहे ते दिसत नाही. फायनल चालवण्याच्या पद्धतींना वर्ग म्हणतात; असे फायनल साधारण बी वर्गाच्या जवळ चालतात आणि त्यांची वीज आउटपुटच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. पूर्ण 100 वॅटला कार्यक्षमता 60 टक्के धरली तर फायनलला 167 वॅट लागतात. आउटपुट निम्म्यावर, 50 वर, आणलं तरी वीज निम्मी होत नाही; 118 वॅट लागतातच. फायनलची वीज 50 वॅटच्या आत आणायची तर पुस्तकी हिशेबाने आउटपुट 9 वॅटवर उतरवावं लागतं. आता दुसरा मुलगा घ्या. त्याने स्वस्तातले मॉस्फेट लावून ई वर्गाचा मोर्स प्रक्षेपक घरी बांधला. या वर्गाची कार्यक्षमता 85 ते 90 टक्के. त्याच 50 वॅट विजेतून त्याला 43 ते 45 वॅट बाहेर मिळतात. परवाना एक, बँड एक, नियमाची ओळ एक. एकाच्या पदरात 9 वॅट आणि दुसऱ्याच्या 44. स्वतः बांधणाऱ्याला झुकतं माप मिळालं याचा मला आनंदच आहे, पण ते नियमाने ठरवून दिलेलं नाही. मोजण्याची जागा चुकल्यामुळे ते घडलं आहे.

एएमवर, म्हणजे आवाज पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने, बोलणाऱ्याच्या बाबतीत उलटं टोक गाठलं जातं. फायनलला 400 वॅट, सी वर्गाची 75 टक्के कार्यक्षमता, म्हणजे 300 वॅटचा कॅरिअर, मूळ वाहक लहर. त्यावर पूर्ण शंभर टक्के मॉड्युलेशन चढलं की आवाजाच्या शिखरावर ताकद चौपट होते: 1200 वॅट. शेजारी बसून सिंगल साइडबँडवर बोलणाऱ्याला मात्र शिखरावर 400 च्या पुढे जाता येत नाही.

हा गुंता एकट्या भारताचा नव्हता. अमेरिकेतही 1983 पर्यंत मर्यादा डीसी इनपुटवरच होती, 1000 वॅट. सिंगल साइडबँडवर बोलताना मीटरचा काटा आवाजाबरोबर नाचतो, म्हणून तो काटा किती चपळ असावा हेही तिथल्या नियमात लिहावं लागलं होतं. शेवटी त्यांनी मोजण्याची जागाच बदलली आणि 1500 वॅट पीईपी, प्रक्षेपकाच्या आउटपुटवर, अशी एकच ओळ घातली. एएमवाल्यांचं त्यात नुकसान झालं, त्यांना 1990 पर्यंत सवलत मिळाली आणि मग सगळे एका मापाखाली आले. अगदी खालच्या लहरींवर तर आंतरराष्ट्रीय नियम याच्याही पुढे जातात. 136 किलोहर्ट्झच्या आसपासच्या बँडवर मर्यादा आहे 1 वॅट, आणि ती अँटेनातून प्रत्यक्ष सुटणाऱ्या ऊर्जेची. तिथे अँटेना इतकी अपुरी असते की एक वॅट हवेत सोडण्यासाठी सेटमधून शेकडो वॅट काढावे लागतात आणि ते नियमात बसतं.

मग आपल्याकडच्या नियमाचा अर्थ आज कसा लावायचा? सिंगल साइडबँडपुरतं मला उत्तर स्पष्ट दिसतं. पीईपी हा काही आपल्याकडे घडलेला शब्द नाही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत त्याची व्याख्या दिलेली आहे: मॉड्युलेशनच्या शिखरावरच्या एका आवर्तनात प्रक्षेपक अँटेनाकडे जाणाऱ्या तारेला जी सरासरी शक्ती देतो ती. तारेला देतो, म्हणजे आउटपुट. भारताने ही नियमावली स्वीकारलेली आहे, तेव्हा तिथला अर्थ इथे लागू होतो. काही मंडळी पीईपीही इनपुटवरच मोजावी असं म्हणतात. त्या म्हणण्याला या व्याख्येत आधार नाही.

मोर्सचं काय? इथे मला अक्षराच्या बाजूने उभं राहावं लागतं. नियमात डीसी इनपुट म्हटलं असेल तर तेच धरायचं. 'आजच्या काळात त्याचा अर्थ आउटपुट असाच घ्यायला हवा' हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते बोलणारे लबाड नाहीत. पण मग माझा प्रश्न असा, की आपल्याला गैरसोयीचं ते अक्षर जुनं झालं आणि सोयीचं तेवढं चालू राहिलं, हे ठरवणार कोण? बरं, अक्षर पाळल्याने बुडतं काय तेही पाहू. 50 वरून 9 वॅटवर येणं म्हणजे साडेसात डेसिबल कमी होणं. रिसीव्हरच्या मीटरवर 6 डेसिबलचा एक एस, म्हणजे सव्वा एस. उलट मोर्स इतक्या अरुंद पट्टीत मावतं की अडीचशे हर्ट्झचा फिल्टर लावून ऐकणाऱ्याला माइकवरच्या आवाजाच्या तुलनेत 10 डेसिबलचा फायदा होतो. सव्वा एसने सुटलेलं त्याहून जास्त परत मिळतं. मग नियम वाकवायला निमित्त उरत नाही. नियम बदला असं मी म्हणतो ते वॅट कमी पडतात म्हणून नव्हे. एकाच परवान्याला 9 आणि 44 मिळणं अन्यायाचं आहे म्हणून.

कोण मोजायला येतंय, हा एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो. उंद्रीत बसून तो आधी खोटाच वाटतो. देऊळगाव राजा ओलांडलं की जालना. तिथे केंद्र सरकारच्या बिनतारी संनियंत्रण संघटनेचं उपग्रह संनियंत्रण केंद्र आहे. नागपूरलाही याच संघटनेचं केंद्र आहे. या यंत्रणेला आकाशातून येणारा संकेत पकडता येतो, त्याची फ्रीक्वेन्सी, रुंदी, तीव्रता मोजता येते. पण एक गोष्ट कुठल्याही केंद्राला दुरून सांगता येत नाही: उंद्रीतल्या एका घरातून 50 वॅट सुटतायत की 100. दुप्पट ताकद म्हणजे 3 डेसिबल, अर्धा एस. लहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराची, आयनोस्फिअरची, चढउतार एका मिनिटात 10-20 डेसिबलची असते. त्यात हा फरक बुडून जातो. म्हणजे युक्तिवाद मांडणाऱ्याचं तथ्य बरोबर आहे आणि निष्कर्ष चुकीचा. दुरून तपासता येत नाही, म्हणूनच तर या नियमाचा सगळा भार चालवणाऱ्याच्या सचोटीवर टाकलेला आहे. परवाना देताना परीक्षा घेतात ती याच भरवशावर.

कायद्याची भाषा वापरून कुणी असंही म्हणेल, की ज्या तरतुदीच्या भंगाला शिक्षा आहे तिच्यात संदिग्धता असेल तर फायदा नागरिकाला द्यावा. तत्त्व खरं आहे आणि कुणावर खटला भरला गेला तर मीही तेच म्हणेन. मात्र कोर्टात आरोपीच्या बाजूने लावायचा अर्थ आणि रोज रात्री सेटसमोर बसताना स्वतःसाठी लावायचा अर्थ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना म्हणजे सर्वांच्या मालकीची वस्तू वापरायची सवलत. 9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या खटल्यात जो निकाल दिला, त्यात रेडिओलहरींचा हा आकाशमार्ग सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्याचा वापर लोकहितासाठी व्हायला हवा असं स्पष्ट म्हटलं. त्या निकालाचं मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं. खटला दूरचित्रवाणीचा होता, हौशी रेडिओचा नव्हता. पण मालमत्ता तीच आहे. दुसऱ्याच्या वाट्याचंही ज्यात आहे, तिथे शंका आली तर आपला हात आखडावा, एवढंच माझं म्हणणं.

इथूनच या विषयातली सर्वांत मोठी गफलत दिसते. 400 वॅट हा हॅमचा हक्क समजला जातो. आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या पंधराव्या अनुच्छेदात साफ म्हटलं आहे की समाधानकारक सेवेला जेवढी लागेल तेवढीच शक्ती केंद्राने सोडावी. अमेरिकेच्या नियमात 1500 वॅटची मर्यादा येते ती या तत्त्वानंतर: आधी 'लागेल तेवढी किमान', मग 'कितीही लागली तरी याच्या वर नाही'. क्रम महत्त्वाचा आहे. वरचा आकडा छताचा आहे, आणि प्रत्येक संभाषणाला लागणारी ताकद त्याच्या खाली कुठेतरी असते. ती शोधणं हेच तर या छंदातलं शिक्षण.

उंद्रीसारख्या ठिकाणी हे शोधायला फार जावं लागत नाही. दिवसा 7 मेगाहर्ट्झवर, जमिनीपासून सात-आठ मीटरवर ताणलेली साधी आडवी तार जवळजवळ सरळ वर ऊर्जा फेकते आणि ती आयनोस्फिअरवरून परतून सगळ्या महाराष्ट्रावर उतरते. नागपूर, पुणे, कोल्हापूर सगळं 10-20 वॅटमध्ये व्यवस्थित ऐकू येतं. सूर्य मावळला की हाच बँड लांब पळतो. जवळची गावं गायब होतात आणि दूरचे देश येऊ लागतात. अशा वेळी नागपूरला पकडण्यासाठी 400 वॅट लावले तर नागपूरला काही पोचत नाही, हजार-दोन हजार किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाच्या संभाषणात मात्र गोंगाट होतो. उपाय असतो 3.5 मेगाहर्ट्झवर उतरण्याचा. वरच्या बँडवर, 145 मेगाहर्ट्झला, दहा वॅटच्या सेटला तीस मीटर आरजी-58 केबल जोडली तर अँटेनापर्यंत जेमतेम तीन वॅट पोचतात. चांगली केबल घेतली आणि अँटेना चार मीटर उंच नेली तर जे साधतं, ते सेट मोठा करून साधत नाही.

गोंगाटाचंही तसंच आहे. गावोगाव एलईडी, स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर, पंपांचे सौर कंट्रोलर आले. त्यांतल्या झपाझप चालूबंद होणाऱ्या सर्किटांमुळे लघुलहरींवर खरखर वाढते. 'इतका गोंगाट आहे की ताकद वाढवावीच लागते' असं म्हणणारे एक विसरतात. खरखर माझ्या रिसीव्हरपाशी आहे. मी कितीही वॅट सोडले तरी मला समोरच्याचं जास्त ऐकू येणार नाही. मी मात्र सगळ्यांना ऐकू जाईन आणि कुणाचंच ऐकणार नाही, आणि अशा केंद्राएवढा बँडला उपद्रव दुसरा नाही.

नियम पाळा, नियम पाळा असं म्हणताना एक आठवण ठेवायला हवी. आकाशावरचे सगळे नियम आदराला पात्र नसतात. 1939 ला महायुद्ध सुरू झालं तसं ब्रिटिश सरकारने हौशी मंडळींचे प्रक्षेपक जमा करायला लावले. 1942 च्या ऑगस्टपासून मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला तो हा हुकूम मोडून, जागा बदलत बदलत, 42.34 मीटरवर. हिशेब केला तर ते 7 मेगाहर्ट्झच्या थोडं वर येतं, आजच्या हॅमच्या चाळीस मीटर बँडातच. नोव्हेंबरात अटका झाल्या आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी मोडलेला नियम लोकांचं तोंड बंद करण्यासाठी होता. वॅटची मर्यादा त्याच्या अगदी उलट कामाची आहे: दुबळ्या सेटवाल्यालाही बोलायला जागा राहावी म्हणून ती आहे. एक नियम मोडणं शौर्याचं होतं म्हणून दुसरा मोडणंही तसंच, असं होत नाही.

संकटकाळासाठी तर नियमावलीतच वाट ठेवलेली आहे. संकटात सापडलेल्या केंद्राला मदत मागण्यासाठी हाताशी असेल ते साधन वापरायला तिचा कुठलाही नियम आड येत नाही. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानात होते. फोन बंद पडले आणि जगभर गप्पा मारण्यासाठी नेलेले तेच सेट मुख्य भूमीशी संपर्काचं साधन झाले. अशा दिवशी वॅट कुणी विचारत नाही. पण तो दिवस पुढे करून रोजची ताकद वाढवणं मला पटत नाही. उलट रोज कमी ताकदीत काम करणाऱ्यालाच, वीज गेल्यावर मोटारसायकलच्या बॅटरीवर सेट किती वेळ चालेल याचा अंदाज असतो.

परिणामावरून नियम कसा लिहावा याचा एक सुंदर नमुना आज आपल्या डोक्यावर आहे. 2018 च्या नोव्हेंबरात सोडलेल्या कतारच्या एसहेल-2 या उपग्रहावर हौशी मंडळींसाठी जागा दिलेली आहे आणि तो भारतातूनही ऐकू येतो. तिथे वॅटचा आकडा महत्त्वाचा धरलेला नाही. उपग्रहाचा स्वतःचा एक बीकन संकेत आहे, तुमचा संकेत परत येताना त्याहून मोठा ऐकू येता कामा नये, एवढीच शिस्त. मोठा आला तर यंत्रणा तुमच्याच संकेतावर भोंगा वाजवते. प्रत्येकाला आपला संकेत आणि बीकन शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे नियम आणि मोजमाप एकाच पडद्यावर येतात. लघुलहरींवर असा बीकन ठेवता येणार नाही. त्यातला विचार मात्र उचलता येईल: ज्याने पाळायचं त्याला दिसलं पाहिजे.

आणि आज आउटपुट दिसणं अवघड राहिलेलं नाही. एक हजार ओहमचे दोन वॅटचे वीस मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडले की 50 ओहमचा डमी लोड तयार होतो. त्यावर पुरेशा व्होल्टेजचा एक डायोड, एक कपॅसिटर आणि कुठल्याही दुकानात मिळणारा डिजिटल मीटर. शिखराचं व्होल्टेज वाचायचं, त्याचा वर्ग करायचा आणि 100 ने भागायचं, ती पीईपी. 50 वॅटला मीटर 71 व्होल्टच्या आसपास दाखवतो. हा लोड काही सेकंदच तापवायचा, कारण तो सलग 40 वॅटचा आहे. 400 वॅटला शिखर 200 व्होल्टवर जातं, त्याला जाड लोड आणि जास्त काळजी हवी. पण तत्त्व तेच. डीसी इनपुटच्या बाजूने असलेला एकमेव मजबूत मुद्दा, की ते घरी मोजता येतं, आता आउटपुटलाही लागू पडतो. आणि फायनलची वीज घरी मोजता येत नाही, हेही आता तेवढंच खरं आहे. जुन्या नियमाचा आत्मा सांभाळायचा असेल तर त्याचं अक्षर बदललं पाहिजे.

2023 चा दूरसंचार कायदा 1885 आणि 1933 च्या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी आला. जुने शब्द नव्याने तपासून पाहण्याचा हा काळ आहे. हौशी सेवेच्या नियमात एक ओळ पुरेल: सर्व प्रकारच्या प्रक्षेपणासाठी मर्यादा पीईपीत, प्रक्षेपकाच्या आउटपुटवर मोजलेली. त्या ओळीच्या आधी 'लागेल तेवढीच' ही ओळ असावी. आणि दोन्ही ओळी मराठीतही छापल्या जाव्यात, कारण बारा-चौदा वर्षांचा मुलगा परवान्याच्या परीक्षेला बसतो तेव्हा त्याची अर्धी ताकद नियमांच्या इंग्रजीशी झुंजण्यात जाते.

शेगावचं अभियांत्रिकी महाविद्यालय, चिखली-खामगाव-बुलढाण्यातली विज्ञान महाविद्यालयं, यांच्याकडे ऑसिलोस्कोप असतात आणि बरेच दिवस कपाटात असतात. महिन्यातून एक दुपार ते परिसरातल्या हॅम मंडळींसाठी आणि परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी उघडे ठेवावेत, ही त्या विभागप्रमुखांना विनंती. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना एवढंच सांगतो: लॉगबुकात तारीख, वेळ, बँड आणि कॉलसाइन आपण लिहितोच. त्याच्या शेजारी वॅटचा एक रकाना आखा, ते कुठे मोजले तेही लिहा, आणि नियम बदलेपर्यंत मोर्सच्या पानावर, हिशेबाने काढलेला का होईना, डीसी इनपुटचाच आकडा भरा.